हॉर्नबीचे घर आणि हिरबाईचा हिस्सा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वणीच्या घराला गिऱ्हाईक आले. कोळसा खाणींमुळे आमच्या गावात बाहेरच्या माणसांचा राबता मोठा. इंजिनीअर, कंत्राटदार, गाड्यांचे मालक, सगळ्यांना उतरायला जागा लागते. त्या गृहस्थांना आमचे जुने घर लॉजसाठी हवे होते. घर मोक्याच्या जागी, आंगण मोठे, खोल्या भरपूर. भाव चांगला सांगितला. अब्बा आणि अम्मी दोघेही आता या जगात नाहीत. भाईजानला एकट्याला एवढे घर सांभाळणे होत नाही, हेही खरे. अडचण एकच होती. आखीव पत्रिकेवर अजून अब्बांचेच नाव होते. व्यवहार करायचा तर आम्हा तिघी बहिणींचे हक्कसोडपत्र लागणार होते.

भाईजान वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या दोघींची लग्ने अब्बांच्या आजारपणात त्यानेच उभे राहून केली. ईदला आमच्या मुलांचे कपडे त्याच्याकडून येतात. त्याने कागद पुढे केला त्यात कपट नव्हते, ती रीत होती. आमच्या फुफूंनी अशीच सही केली होती. अम्मीनेही तिच्या माहेरी केली होती. बहिणींनी सही करायची आणि माहेरचे दार उघडे ठेवायचे, असेच आम्ही लहानपणापासून पाहत आलो.

आपा मुंबईला असते. तिची सही घ्यायला आम्ही दोघी धाकट्या बहिणी नंदीग्राम एक्सप्रेसने निघालो. कागद पर्समध्ये होता. मुंबईत जे पाहिले त्यामुळे तो कागद तसाच परत आला. हा लेख त्याबद्दल आहे, आणि मुख्यतः एका घराबद्दल आहे.

लायन गेटसमोरचे घर

आपाची मुलगी आर्किटेक्चर शिकते. तिला वर्गात एका जुन्या इमारतीचा अभ्यास करायला दिला होता. म्हणाली, "खाला, तुम्ही दोघी टीचर आहात, चला माझ्याबरोबर. मला टेप धरायला माणूस पाहिजे." म्हणून आम्ही गेलो.

मुंबईच्या फोर्ट भागात, शहीद भगतसिंग मार्गावर, नौदलाच्या गोदीच्या लायन गेटसमोर 'ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग' उभी आहे. जवळच सेंट अँड्र्यूज हे १८१९ साली उघडलेले चर्च आहे. रस्त्यावर बसगाड्या, टॅक्सी, गणवेशातले नौसैनिक यांची गर्दी. इमारतीत आज दुकाने आणि ऑफिसे आहेत. आम्ही एकट्या गेलो असतो तर मान वर करून पाहिलेही नसते. मुंबईत अशा जुन्या इमारती पुष्कळ.

भाचीने रस्त्याच्या पलीकडे उभे केले आणि सांगितले, "आता पाट्या विसरा, वायरी विसरा, एसीचे डबे विसरा. फक्त घर पाहा." तसे पाहिल्यावर मात्र घर दिसू लागले. हे मुळात घरच होते. अठराव्या शतकातले एका साहेबाचे घर. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खाडी बांध घालून अडवणारा तोच. त्याच्या नावावरून या घराला हॉर्नबी हाऊस म्हणत. पुढे नौदलाचा प्रमुख येथे राहू लागला म्हणून अ‍ॅडमिरल्टी हाऊस म्हणू लागले. त्यानंतर न्यायालय आले आणि न्यायालय गेल्यावर हॉटेल झाले. 'ग्रेट वेस्टर्न' हे नाव त्या हॉटेलचे. हॉटेल बंद झाले, नाव राहिले.

जॉर्जियन म्हणजे काय

भाचीच्या वहीत 'जॉर्जियन' असा शब्द होता. आम्हाला वाटले जॉर्जिया देशाचे काही असेल. तसे नाही. इंग्लंडमध्ये १७१४ ते १८३० या काळात लागोपाठ चार राजे जॉर्ज नावाचे झाले. त्यांच्या काळातल्या बांधकामाला जॉर्जियन म्हणतात.

या शैलीचा पाया म्हणजे मोजमाप. प्राचीन रोमची देवळे, त्यावरून इटलीतल्या पल्लाडिओ नावाच्या वास्तुकाराने सोळाव्या शतकात बांधलेली घरे, आणि त्यावरून इंग्रजांनी छापलेली नमुन्यांची पुस्तके, असा हा प्रवास. हिंदुस्थानात आलेल्या कंपनी सरकारकडे शिकलेले वास्तुकार फारसे नव्हते. बहुतेक कामे लष्करातल्या इंजिनीअरांनी ती पुस्तके समोर ठेवून केली.

नियम थोडके असतात. दार मधोमध. दाराच्या डावीकडे जितक्या खिडक्या, उजवीकडे तितक्याच. वरच्या मजल्याची खिडकी बरोबर खालच्या खिडकीवर. खांबाची उंची त्याच्या जाडीच्या हिशेबात. नक्षी बेताची. मुख्य मजला पहिला, म्हणून त्याच्या खिडक्या सर्वांत उंच. त्याच्या वरच्या मजल्यावर त्या आखूड होत जातात. घराच्या मधोमध कागद दुमडावा तसे दुमडले तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसाव्यात. आमच्या पाचवीच्या वर्गात सममितीचा धडा शिकवायला याहून चांगले चित्र मिळणार नाही.

इंग्लंडमध्ये हे घर थंडीसाठी होते. मुंबईत आल्यावर त्याला उन्हापावसापुढे नमते घ्यावे लागले. वरखाली सरकणाऱ्या काचेच्या खिडक्यांऐवजी लाकडी पट्ट्यांच्या झिलमिली आल्या. वारा आत येईल पण ऊन आणि पाऊस येणार नाही. दर्शनी खांबांच्या मागे व्हरांडा आला. छत उंच गेले, म्हणजे गरम हवा डोक्याच्या वर राहावी. भिंती जाड झाल्या. चुन्याचा गिलावा घोटून घोटून संगमरवरासारखा चमकवू लागले. तळमजला ओलसर म्हणून तो बहुधा सामानाला, नोकरांना आणि कचेरीला. मालकाची वस्ती वर. खांब रोमचे, झिलमिली आणि व्हरांडा इथल्या हवेचे, हात इथल्या गवंड्या-सुतारांचे. हे सारे मिळून मुंबईचे जॉर्जियन घर.

ज्याला ही शैली भव्य रूपात पाहायची असेल त्याने तेथून चालत जाऊन हॉर्निमन सर्कलसमोरचा टाउन हॉल पाहावा. १८३३ साली पुरा झालेला, रुंद पायऱ्यांचा. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तेथे आहे.

वणीचे घर आणि साहेबाचे घर

मोजताना आमच्या मनात सारखे आमचे घर येत होते. काळ्या दगडाचे जोते, विटामातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलू. समोर ओसरी, बाजूला मर्दानी बैठक, मध्ये आंगण, मागे माजघर. बायकांसाठी गल्लीतून वेगळे दार. भिंतीत ताक, त्यात कुराण शरीफ आणि अब्बांचा चष्मा. सममिती वगैरे काही नाही. जसजशी माणसे वाढली तसतशी खोली वाढली. साहेबाचे घर रस्त्याकडे तोंड करून उभे असते, आमचे आंगणाकडे तोंड करून बसते. पण उंच छत, जाड भिंत, सावलीचा पट्टा आणि वाऱ्याची वाट हे चारही दोन्हीकडे सारखे. उन्हाने दोघांना एकच धडा दिला.

वणीचा आणि जॉर्जियन घराचा एक संबंध तर कागदोपत्रीच आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०३ पर्यंत त्याचा वरचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळाले. म्हणजे आमच्या पणजोबांच्या काळात या जिल्ह्याचा अखेरचा शब्द हैदराबादच्या कोठी भागातल्या ज्या रेसिडेन्सीतून येई, ती उंच खांबांची इमारत याच शैलीतली. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिकच्या काळात ती बांधली. स्वातंत्र्यानंतर तेथे मुलींचे कॉलेज भरू लागले. एका घराचे नशीब मुलींचे कॉलेज, दुसऱ्याचे हॉटेल. बांधणाऱ्याच्या मनात दोन्ही नसणार.

दिवाणखान्यात न्यायालय

मुंबईत १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय सुरू झाले. ते १८०० पासून हॉर्नबीच्या घरात भरू लागले. १८२४ मध्ये त्याच्या जागी सुप्रीम कोर्ट आले, तेही याच घरात. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले, तेही प्रथम येथेच. जवळजवळ ऐंशी वर्षे या शहराचा न्याय एका घरात होत होता.

घराचे न्यायालय करणे सोपे नाही. जेवणाच्या आणि बैठकीच्या दालनांत न्यायाधीश, वकील, साक्षीदार, दुभाषे आणि बघे बसवायचे. घरात पाहुण्यांसाठी एक मोठा जिना असतो. न्यायालयात मात्र न्यायाधीश, आरोपी आणि जनता यांची वाट वेगळी लागते. म्हणूनच सरकारने शेवटी मैदानाच्या बाजूला कर्नल फुलर यांच्या आराखड्याने नवी इमारत बांधली. ती टोकदार कमानींची, गॉथिक. काम १८७१ मध्ये सुरू झाले, १८७८ मध्ये संपले, आणि १८७९ मध्ये न्यायालय तेथे गेले. आजही ते तेथेच आहे.

या जुन्या घरात गाजलेले खटले चालले. १८६२ चा करसनदास मुळजी यांच्यावरचा महाराज लायबल खटला येथला. १८६६ चा आगाखान खटला येथला. पण भाचीने वहीतून तिसरेच नाव वाचले आणि आम्ही टेप गुंडाळायचे थांबलो.

हिरबाई विरुद्ध सोनाबाई

१८४७ साली या घरात भरणाऱ्या सुप्रीम कोर्टापुढे खोजा आणि मेमन घराण्यांतली वारसाची प्रकरणे आली. 'हिरबाई विरुद्ध सोनाबाई' या नावाने ती कायद्याच्या पुस्तकांत आहेत. मुलींचे म्हणणे साधे होते. आम्ही मुसलमान आहोत. सूरह अन-निसामध्ये मुलीचा हिस्सा सांगितलेला आहे. वडिलांच्या मिळकतीतला तो हिस्सा आम्हाला द्यावा.

समोरून सांगण्यात आले की आमच्या जमातीत मुलींना वारसा देण्याची रीत नाही. कच्छ-काठेवाडपासून चालत आलेली रीत अशी की मुलीला लग्न होईपर्यंत पोसायचे आणि लग्नाचा खर्च करायचा, बस. जमातीतल्या माणसांनी साक्षी दिल्या. न्यायाधीश होते सर अर्स्किन पेरी. कुराणाचा नियम स्पष्ट आहे हे त्यांनी नाकारले नाही. पण एखाद्या जमातीत रीत जुनी आणि पक्की असल्याचे सिद्ध झाले तर न्यायालय ती रीत मानील, असा निकाल त्यांनी दिला. मुली हरल्या.

हे ऐकून आमची धाकटी म्हणाली, "म्हणजे साक्ष द्यायला आपलेच लोक उभे होते."

तेच खरे. निकाल इंग्रजाने दिला, पण रीत त्याने आणली नव्हती. आमच्या पर्समधल्या कागदावरही कोणा इंग्रजाची सही नव्हती.

मग आम्ही पुन्हा त्या खिडक्यांकडे पाहिले. डावीकडे जितक्या, उजवीकडे तितक्या. बांधणाऱ्याने एकही खिडकी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. आमच्या शरियतमध्ये हिस्से खिडक्यांसारखे सारखे नाहीत; मुलाचे दोन तर मुलीचा एक. पण जो सांगितला आहे तो मोजून सांगितला आहे, तो भावाच्या मर्जीवर सोडलेला नाही. रीत नेमके ते माप काढून घेते. हिस्सा कमी-जास्त करत नाही, शून्य करते.

जिना चढलेला दुसरा माणूस

या घराची गोष्ट तेथे संपली असती तर आम्ही ती मुलींच्या वर्गात सांगितली नसती. हिरबाई हरल्यानंतर वीस वर्षांनी, १८६७ मध्ये, बद्रुद्दीन तय्यबजी विलायतेतून बॅरिस्टर होऊन आले. मुंबईच्या न्यायालयातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. नवी इमारत अजून बांधली नव्हती, म्हणजे त्यांची वकिली सुरू झाली ती याच घरात. पुढे १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. मुलींच्या शिक्षणाबद्दल ते नुसते बोलले नाहीत, त्यांनी स्वतःच्या मुलींना शिकवले.

कायदा बदलायला मात्र फार वेळ लागला. १९३७ च्या शरियत कायद्याने सांगितले की मुसलमानांच्या वारसाच्या बाबतीत रीतीऐवजी शरियत चालेल. शेतजमिनीचा प्रश्न त्या कायद्याने बाजूला ठेवला. १९३८ मध्ये कच्छी मेमनांसाठी वेगळा कायदा होऊन तेही शरियतच्या वारसाखाली आले. हिरबाईच्या निकालापासून १९३७ पर्यंत ९० वर्षे. तेवढ्यात त्या घरातून न्यायालय गेले होते आणि हॉटेलही आले होते.

घराचे हॉटेल होते तेव्हा

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबईला उतरणारे प्रवासी वाढले. १८७१ मध्ये वॉटसनचे लोखंडी सांगाड्याचे हॉटेल उघडले, १९०३ मध्ये ताज. मधल्या काळात न्यायालय सोडून गेलेल्या या रिकाम्या घराचे ग्रेट वेस्टर्न हॉटेल झाले. जागा गोदीसमोर, दालने मोठी, व्हरांडा रस्त्याकडे. हॉटेलवाल्याला आणखी काय हवे? आमच्या वणीच्या गिऱ्हाइकाचा हिशेबही असाच होता.

भाचीने आम्हाला हॉटेल करताना घराचे काय होते ते समजावले. एका मोठ्या दालनाच्या तीन खोल्या करायच्या तर मध्ये आडव्या भिंती येतात. त्या खिडकीच्या मधोमध आल्या की बाहेरची सममिती राहते, आतली जाते. वाऱ्याची समोरासमोरची वाट बंद होते. नळ आणि न्हाण्या वाढतात. जुन्या लाकडी तुळया आणि चुन्याच्या भिंती यांना पाण्यासारखा दुसरा शत्रू नाही. म्हणून जुने घर लॉजला देणाऱ्याने तिचे तीन सल्ले लक्षात ठेवावेत. न्हाण्या एकाखाली एक, एकाच बाजूला घ्या. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, आतली ओल अडकते. भार घेणारी भिंत कोणती हे जाणकाराला विचारल्याशिवाय दार पाडू नका.

पण तिने असेही सांगितले की वापर बदलला म्हणूनच हे घर वाचले. फोर्टातली त्या काळची कितीतरी घरे गेली. ज्या घराला काम मिळाले, तेच राहिले. हे ऐकून लॉजबद्दलचा आमचा राग जरा कमी झाला.

कागदाचे काय झाले

रात्री आपाने कागद वाचला आणि घडी करून परत दिला. "भाईजानशी मी बोलते," एवढेच म्हणाली.

फोनवर भाईजान पहिल्यांदा चिडला. "घर मी सांभाळलं. दर साली कवेलू मी फिरवले. अब्बांचं दवापाणी मी केलं. तेव्हा हिस्सा कुठं होता?" त्याचे चूक नव्हते. आम्ही तिघी दोन दिवस त्यावर बोलत होतो. मग आपाने त्याला सांगितले, "दुरुस्तीचा आणि दवाखान्याचा खर्च आधी काढून घे. पै-पै काढ. नंतर पाच भाग कर. दोन तुझे, एक-एक आमचा."

तो आठ दिवस काही बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने जुन्या पावत्यांची पिशवी काढली. जून सरता सरता आखीव पत्रिकेवर चौघांची नावे लागण्यासाठी अर्ज केला. घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे, असे आता तरी ठरले आहे. गिऱ्हाईक अजून विचार करत आहे.

धाकटीला पैशाची गरज नाही. तिने सांगून टाकले आहे की नाव लागल्यावर ती तिचा हिस्सा भाईजानला हिबा करील. आम्ही विचारले, मग एवढा खटाटोप कशाला, सहीच करायची होतीस. ती म्हणाली, "सही केली असती तर माझं काही नव्हतंच असं झालं असतं. आता माझं होतं आणि मी दिलं, असं होईल."

वाचक बहिणींनो आणि भावांनो, तुमच्या घरातही एखादा असा कागद येईल. सही करा किंवा करू नका, ते तुमचे तुम्ही ठरवा. पण त्याआधी हिस्सा किती होता, तो एकदा मोजून घ्या.